तबलजीची बैठक

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गांवीं गादीच्या खोळीस जाडेंभरडें सुती कापड मिळणें अवघड नाहीं. प्रश्न असतो तो खोळींत काय भरावें, हा. तबला शिकूं लागलेल्या मुलासाठीं आईबाप हौसेनें सावरीच्या कापसाची मऊ गादी आणतात, आणि तेथेंच चुकतात. मऊ गादींत कंबर रुतते, गुडघे वर येतात, पाठीस पोक येतें; मग हात मनगटाऐवजीं खांद्यांतून चालूं लागतो. पुढें कंबर धरली, कीं दोष मात्र रियाजाच्या माथीं! बालगंधर्वांच्या नाटक मंडळींत अहमदजान थिरकवा साथ करीत, त्या काळीं संगीत नाटकें रात्ररात्र चालत. इतका वेळ मांडी घालून बसावयाचें, तर बैठक घट्टच हवी.

दाबून भरलेल्या साध्या कापसाची, दोन-तीन बोटें जाड गादी पुरे. बसल्यावर गुडघे कंबरेच्या वर गेले नाहींत, म्हणजे ती जमली. फाजील उंचीही नको. तबला-डग्गा चुंबळींवर खालींच असतात, वाकून वाजवावें लागतें. कापूस कालांतरानें बसतो, पावसाळ्यांत ओल धरतो. पण तो उन्हांत टाकतां येतो, पिंजून पुन्हां भरतां येतो. हलका फोम एकदां चेपला, कीं संपला.

पाश्चात्य ड्रमवादकाचे दोन्ही पाय पायट्यांवर गुंतलेले असतात. शरीराचा तोल सारा बैठकीवर. म्हणून त्याच्या तिपाईस उंची कमीजास्त करण्याची सोय असते. कोणतेंही आसन दुकानांत नुसतें हातानें दाबून पाहूं नये. वाद्य पुढें घेऊन निदान अर्धा तास बसावें.