गच्चीवरचं ऊन आणि बँकेचा हप्ता

नांदेड-लातूरकडे उन्हाचा तोटा नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: सौर पॅनेलला प्रकाश हवा, उष्णता नको. पॅनेलचं तापमान पंचवीस अंशांवर गेलं, की प्रत्येक अंशामागे वीजनिर्मिती साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. म्हणून पॅनेलखाली वारा खेळता ठेवा.

आता पैशांचं. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, शिवाय सरकारी बँका विनातारण कर्ज देतात. समजा, खर्च 1,80,000; त्यातले 18,000 तुमचे. अनुदान थेट कर्जात भरलं, तर 84,000 उरतात. सहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता सुमारे 930 रुपये. अनुदान दुसरीकडे खर्चू नका. सही करण्याआधी व्याजदर स्थिर की बदलता, हे बँकेत विचाराच.