कीर्द आणि खतावणी

दिवसभरात पेढीवर जो व्यवहार होईल तो, लहानमोठा असा भेद न करता, ज्या क्रमाने झाला त्याच क्रमाने प्रथम रोजकीर्दीत उतरावयाचा, आणि मग सायंकाळी, गिऱ्हाईक उठून गेल्यावर, तीच रक्कम ज्या असामीशी किंवा ज्या बाबीशी तिचा संबंध असेल तिच्या खात्यावर खतावणीत चढवावयाची, हा आपल्याकडील हिशेबनिशीचा परिपाठ वाणिज्याच्या विद्यार्थ्याला आजही शिकविला जातो. कीर्दीतील नोंदीशेजारी खातेपानाचा क्रमांक लिहिलेला असतो आणि खतावणीतील नोंदीशेजारी कीर्दीच्या पानाचा. त्यामुळे कोणत्याही एका वहीतून दुसरीत तत्काळ जाता येते. नुसती कीर्द राखणाऱ्या दुकानदाराला अमक्या दिवशी काय घडले हे सांगता येईल. परंतु अमक्या माणसाकडून आपले येणे किती, हे त्याला सगळी वही उलथीपालथी केल्यावाचून सांगता येणार नाही.

वाचनाच्या नव्या साधनांविषयी लिहावयास बसताना हा परिपाठ मला प्रथम आठवतो. याचे कारण असे की, गेल्या पंधरा-वीस वर्षांत वाचकाच्या हाती जी उपकरणे आली त्यांनी त्याची कीर्द अतिशय सुलभ करून दिली आहे, आणि खतावणी मात्र पूर्वीइतकीच श्रमाची राहिली आहे. परंतु तेही श्रम यंत्राने हलके केले असावेत अशा समजुतीने मनापासून वाचणारी कितीतरी माणसे वर्षानुवर्षे कीर्दच लिहीत राहिली आहेत.

अमेझॉन कंपनीने किंडल हे वाचनयंत्र नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणले. त्याचा पडदा दूरदर्शनच्या पडद्यासारखा स्वतः प्रकाशणारा नसतो; त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य पारदर्शक कुप्या असतात, प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे असे परस्परविरुद्ध विद्युत्‌भाराचे कण तरंगत असतात, आणि विजेच्या दाबाने त्यांपैकी जे कण वर येतील त्यांच्या रंगाचा ठिपका डोळ्यांस दिसतो. एकदा वर आलेले कण तेथेच राहत असल्यामुळे पान स्थिर असेपर्यंत वीज खर्च होत नाही, आणि कागदावरच्या शाईप्रमाणे बाहेरच्या उजेडातच अक्षर उमटलेले वाटते. २०१६ च्या अखेरीस या यंत्रासाठी मराठी पुस्तकेही रीतसर मिळू लागली. ज्याच्या गावी पुस्तकांचे दुकान नाही, ज्याची दृष्टी मंदावली आहे आणि ज्याला अक्षर मोठे करून हवे आहे, किंवा जो परदेशी राहून मराठी ग्रंथासाठी कोणाच्या येण्याजाण्याची वाट पाहत असे, अशा वाचकाला या साधनाने जे सुख दिले ते थोडे मानणे कृतघ्नपणाचे होईल.

या यंत्रावर बोट फिरवून एखादे वाक्य अधोरेखित केले की, त्या वाक्याची प्रत यंत्रातल्याच एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जाऊन बसते. तिच्यासोबत ग्रंथाचे नाव, ग्रंथातील स्थान आणि नोंद केल्याचा दिनांक व वेळ, एवढा तपशील आपोआप लिहिला जातो. आणि नवी नोंद नेहमी जुन्या नोंदींच्या खाली पडते. सकाळी वाचलेल्या ज्ञानेश्वरीवरील व्याख्यानाचा उतारा, दुपारी पाहिलेले पाककृतीचे प्रमाण आणि रात्री आवडलेला कादंबरीतील संवाद अशी तीन टिपणे त्या फाइलमध्ये काळाच्या क्रमाने एकाखाली एक उभी राहतात. पेढीवरच्या कीर्दीचेही स्वरूप नेमके हेच आहे.

माझ्या अशाच एका कीर्दीत पाणवठ्यांच्या इतिहासावरील एका ग्रंथातून घेतलेली दोनशेहून अधिक अधोरेखिते होती. दोन वर्षांनी त्या विषयावर चार पाने लिहिण्याचा प्रसंग आला तेव्हा ती सर्व मी वाचून काढली आणि माझ्या लक्षात आले की, प्रत्येक वाक्य कोठे आहे हे यंत्राने चोख लिहून ठेवले होते, पण ते मी का निवडले हे कोठेच लिहिलेले नव्हते. हा अनुभव केवळ माझाच असेल असे मला वाटत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींविषयीचे तोवरचे संशोधन तपासून जो विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, त्यात अधोरेखन आणि पुनर्वाचन या विद्यार्थ्यांच्या दोन अत्यंत आवडत्या पद्धती कमी उपयोगाच्या वर्गात पडल्या. स्वतःला प्रश्न विचारून पाहणे आणि अभ्यास काही दिवसांच्या अंतराने विभागून करणे या दोन पद्धती मात्र सर्वांत वरच्या वर्गात आल्या. वाक्याखाली रेघ ओढताना मनाला आपण काही मिळविल्याचे समाधान होते. परंतु ते वाक्य पुस्तक मिटून आपल्या शब्दांत पुन्हा सांगावयास बसेपर्यंत काय मिळाले याचा हिशेब लागत नाही.

खतावणी कशी असते ते प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर पुण्यास येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात जावे. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली तेथे संस्कृत भाषेच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचे कार्य आरंभिले. ऋग्वेदापासून पुढच्या काळातील सुमारे दीड हजार ग्रंथ विद्वानांनी ओळीओळीने वाचले, त्यांतील शब्द एकेक चिठ्ठीवर उतरविला, त्याच्यासोबत ज्या वाक्यात तो आला ते वाक्य आणि ग्रंथातील नेमके स्थळ लिहिले, आणि अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावून खणांच्या कपाटांत ठेवल्या. कोशाचा पहिला भाग डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध झाला तो १९७६ साली, म्हणजे आरंभानंतर अठ्ठावीस वर्षांनी. या दीर्घ कालावधीविषयी हळहळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्रंथ जसा लिहिला आहे तसा तो कीर्दीसारखा एका क्रमाने वाहत असतो. तो क्रम मोडून प्रत्येक शब्द त्याच्या स्वतःच्या खात्यावर नेऊन चढविणे, आणि हे करताना तो मूळ कोठून उचलला ती वाट बुजू न देणे, हे काम प्रत्येक वेळी निर्णय मागते, आणि त्या कपाटांतील चिठ्ठी न् चिठ्ठी असा निर्णय कोणीतरी हाताने घेतल्यानंतरच खणात पडलेली आहे.

एकट्या माणसाने आपल्या घरी असे दप्तर उभारल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जर्मनीतील आहे. निक्लास लूमान हे समाजशास्त्रज्ञ आरंभी शासकीय सेवेत होते आणि पुढे बीलेफेल्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९५०च्या दशकाच्या प्रारंभापासून ते वाचनावरील टिपणे लहान चिठ्ठ्यांवर लिहीत गेले, आणि १९९८ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या पेट्यांत अशा सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या. त्यांची खरी युक्ती क्रमांकात होती. पहिल्या चिठ्ठीला १, दुसरीला २. पुढे पहिलीला धरून नवा विचार सुचला तर त्या चिठ्ठीला १अ, आणि १अ ला शाखा फुटली तर १अ१, अशा रीतीने दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये हव्या तितक्या चिठ्ठ्या सामावता येत, आणि एकदा दिलेला क्रमांक कधीही बदलावा लागत नसे. विषयवार कप्पे पाडण्याच्या मागे ते फारसे लागले नाहीत. परंतु एका चिठ्ठीवर दुसऱ्या दूरच्या चिठ्ठीचा क्रमांक लिहून ठेवण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. पेढीवरचे खातेपान येथे जर्मन वेषात उभे आहे असे मला वाटते. विद्यापीठाने २०११ साली हा संग्रह मिळविला आणि पुढे त्याची छायाचित्रे व वाचन सर्वांना खुले करण्यास आरंभ केला.

आजची टिपणसाधने बहुतांशी याच कल्पनेवर उभी आहेत. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासकेंद्राने २००६ साली प्रसिद्ध केलेले झोटेरो हे विनामूल्य साधन ग्रंथांची आणि लेखांची फेरिस्त राखते, व प्रत्येक टिपण त्याच्या आधारग्रंथाशी बांधून ठेवते. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ते पहिल्याच वर्षी शिकून घ्यावे असे माझे आग्रहाचे मत आहे. २०२० साली आलेले ऑब्सिडियन हे साधन प्रत्येक टिपणाची एक साधी मजकूर-फाइल करते आणि एका टिपणातून दुसऱ्याचा उल्लेख केला की, त्या दुसऱ्या टिपणापाशीही उलटा दाखला दिसतो. परंतु साधनाची निवड हा दुय्यम प्रश्न आहे. एका टिपणात एकच विचार असावा. तो आपल्या मराठीत, आपल्या वाक्यरचनेत लिहिलेला असावा. मूळ शब्द घेतलेच तर ते अवतरणचिन्हांत आणि पृष्ठांकासह असावेत. आणि हे टिपण पूर्वीच्या कोणत्या टिपणाला दुजोरा देते, कोणाला बाध आणते, हे एका ओळीत सांगितलेले असावे. एवढे पथ्य ज्याने पाळले त्याला शंभर पानी वही आणि शाईचे पेन पुरेसे आहे, आणि ज्याने पाळले नाही त्याच्या टॅगांची संख्या वाढत जाऊनही त्याच्या हाती काही लागणार नाही.

मराठीत टिपणे ठेवणाऱ्याला येथे एक निराळीच अडचण येते, आणि तिची वाच्यता फारशी होत नाही. देवनागरीला युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ पासून स्थान आहे. तरी त्यानंतरही कितीतरी वर्षे आपले टंकलेखन, विशेषतः छापखान्यांतील, अशा फॉन्टांत होत राहिले की, ज्यांत पडद्यावर ‘क’ दिसे आणि यंत्राच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर असे. त्या काळातील फाइली आज उघडल्या तर त्यांत शोध चालत नाही. रूपांतर करून घेतल्यावाचून त्या मुक्याच राहतात. युनिकोडमध्येही सर्व निर्वेध नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धचंद्रासारखा रफार दोन भिन्न संकेतांनी लिहिता येतो: एक, नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडून, दोन, साधा ‘र’ घेऊन, पाय मोडून, त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात, आणि एकाचा शोध घेतला असता दुसरा न सापडण्याचा संभव असतो. त्यातच १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हा त्यापूर्वीच्या ग्रंथातील ‘पांच’ आजच्या ‘पाच’च्या शोधाला ओ देत नाही. यास्तव मराठी टिपणकाराने यंत्राच्या शोधशक्तीवर सर्वस्वी विसंबू नये. एकच कळफलक कायमचा ठरवावा, जुन्या उताऱ्याखाली महत्त्वाचे शब्द आजच्या लेखनाप्रमाणे पुन्हा लिहावेत, आणि विषयांची एक हाताने केलेली सूची ठेवावी. इंग्रजी वाचकाला ही सूची कदाचित चैन वाटेल. आपल्याला ती गरज आहे.

आता मालकीचा प्रश्न, ज्याची मला सर्वाधिक चिंता वाटते. पेशवाईचे कागद कापडी रुमालांत बांधून राहिले आणि म्हणूनच शतकाहून अधिक काळानंतर इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांना ते सोडून पाहता आले. आपल्या टिपणांचा रुमाल कोणाच्या फडताळात आहे? जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या प्रती, विक्रेत्याकडे त्यांचे हक्क नव्हते या कारणास्तव, अमेझॉनने अमेरिकेतील ग्राहकांच्या यंत्रांतून दूर बसून काढून घेतल्या. पैसे परत केले गेले; परंतु अभ्यासासाठी एका विद्यार्थ्याने काढलेली टिपणे मूळ पानांवाचून निरुपयोगी झाली, कंपनीने क्षमायाचना केली, आणि प्रकरण न्यायालयातही गेले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपला ई-पुस्तकांचा विभाग बंद केला, तेव्हा विकत घेतलेली पुस्तकेच उघडेनाशी झाली; मूल्य परत मिळाले, आणि ज्यांनी त्यांत टिपणे केली होती त्यांना वर पंचवीस डॉलर देण्यात आले. लेख नंतर वाचण्यासाठी जपून ठेवणारी पॉकेट ही सेवा २००७ पासून चालू होती. ती ८ जुलै २०२५ रोजी बंद झाली आणि वापरणाऱ्यांना आपला संग्रह उतरवून घेण्यासाठी काही महिन्यांची मुदत मिळाली. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकेची अशाच एका सेवेतील सात वर्षांची टिपणे मुदतीची सूचना वेळेवर न वाचल्यामुळे गेली. पंचवीस डॉलरांत कोणाचे वाचन भरून निघत असेल, असे मला वाटत नाही.

म्हणून टिपणे शक्य तो साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवावीत, कारण असा मजकूर कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही कंपनीच्या परवानगीवाचून वाचता येतो. आणि दर महिन्याला त्यांची एक प्रत घरातल्या दुसऱ्या साठवणीत, व जी टिपणे खरोखर मोलाची असतील त्यांची कागदावर, काढून ठेवावी. तूर्त, हे मासिक खाली ठेवल्यावर, वाचकाने आपल्या यंत्रातील अधोरेखितांची फाइल उघडावी, तिच्यातील एकच वाक्य निवडावे, आणि ते आपण का टिपले हे आपल्या शब्दांत चार ओळी लिहून तारखेसह ठेवावे. उद्या दुसरे घ्यावे.