पाझराचा रंग पाहा

मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, त्यात वावगं काही नाही. पाहायचा तो पाझराचा रंग. नितळ असेल तर ठीक. गढूळ झाला, की धरणाच्या पोटातली माती कणाकणानं वाहून चालली आहे असं समजावं. भरावावरची झाडं तर घातकच: मुळं कुजली की पाण्याला आयती वाट मिळते.

अमेरिकेत जॉर्जियातलं केली बार्न्स धरण जेमतेम 12 मीटर उंच, खासगी मालकीचं. 1957 नंतर वीजनिर्मिती थांबली, उरला विरंगुळ्याचा तलाव. उतार फार उभा, त्यावर झाडी. 6 नोव्हेंबर 1977 च्या रात्री दीडच्या सुमारास, मोठ्या पावसानंतर, ते फुटलं. 39 माणसं गेली.

तुमच्या तळ्याच्या बांधावर बाभळीचं रोप दिसलं, तर हातानं उपटता येतंय तोवरच उपटून टाका.