पाण्याची बाटली आणि सिकलसेल

वर्गातली एखादी मुलगी सतत पाणी पिते, वारंवार लघवीला जायची परवानगी मागते, थंडीत हातपाय दुखतात म्हणून गैरहजर राहते. आपण तिला कामचुकार समजतो. विदर्भात किंवा नंदुरबारच्या आदिवासी भागात शिकवत असू, तर तिची सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे आधी पालकांना विचारायला हवे.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत ६ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच या आनुवंशिक आजारातला मूळ फरक. पण प्राणवायू सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे धागे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा ताठर पेशी केशवाहिन्यांत अडकल्या की तीव्र वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसच. म्हणून रक्तक्षय होतो.

शरीरातले पाणी घटले की पेशीतले हिमोग्लोबिन दाट होते आणि धागे लवकर बनतात. शिवाय या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी पुरेशी दाट करता येत नाही. म्हणजे पाण्याची बाटली आणि लघवीची सुट्टी हा उपचाराचाच भाग आहे.

लहानपणी ही काळजी आई घेते. वसतिगृहात आई नसते. म्हणून १२-१३ व्या वर्षापासून ती टप्प्याटप्प्याने मुलांकडे सोपवावी. आधी आजाराचे व औषधाचे नाव सांगता यावे. मग वेदना कधी व कशाने उठल्या याची वहीत नोंद ठेवावी. पुढे डॉक्टरांशी स्वतः बोलावे. हायड्रॉक्सियुरियाचा गुण दिसायला काही महिने लागतात. ‘फरक पडत नाही’ म्हणून मुले गोळ्या सोडतात. गोळ्या रोज का घ्यायच्या आणि रक्त वेळोवेळी का तपासायचे, हे त्यांना कळले पाहिजे.

प्लीहा निकामी होत गेल्याने जंतुसंसर्ग झपाट्याने बळावतो. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठायचे.

आजाराची वाच्यता वर्गात करू नये. मात्र मुलाला एकट्याला बोलावून एक प्रश्न जरूर विचारावा : “रात्री वसतिगृहात ताप आला, तर तू काय करशील?” उत्तर अडखळले, तर शिकवायला तिथूनच सुरुवात करू या.