उन्हाळा, वस्ती आणि औषधाचे दुकान

आपल्या वर्धा जिल्ह्यात मार्च सरत नाही तोच ऊन डोक्यावर येऊन बसते. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या घरात जातो. मैदानी भागात तापमान ४५ अंशांवर गेले की हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते आणि ४७ अंशांवर गेले की तीव्र लाट. पण खात्याचा हा आकडा सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. भर दुपारी शेतात धसकटे वेचणाऱ्या बाईला, वीटभट्टीवरच्या मजुराला किंवा टिनाच्या खोलीत पडून राहिलेल्या म्हाताऱ्या आजीला जी उष्णता सोसावी लागते, ती त्याहून कितीतरी जास्त.

ऊन सगळ्यांना सारखेच लागते, असे आपण म्हणतो. ते खरे नाही. ज्याच्या घरी कूलर आहे, पाण्याची टाकी आहे आणि एक दिवस कामावर गेले नाही तरी चूल पेटते, त्याला ऊन कमी लागते. आपल्या वस्त्यांमधली बरीच माणसे यात बसत नाहीत. म्हणून उन्हाळ्याची काळजी ही ज्याची त्याने घ्यायची गोष्ट नाही, साऱ्या वस्तीने मिळून घ्यायची आहे.

नर्स म्हणून वॉर्डात काम करताना आणि आता वस्त्यांमध्ये फिरताना एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. काही जणांना काम करता करता एकदम भोवळ येते हे खरे. पण ऊन लागलेली बरीच माणसे त्याआधी एक-दोन दिवस त्रासलेली असतात. डोके ठणकते, पायात गोळे येतात, मळमळते, लघवी पिवळी आणि कमी होते. या दिवसांत ती दवाखान्यात जात नाहीत, कारण मजुरी बुडते. ती जातात कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. म्हणतात, "भाऊ, डोक्याची एक गोळी द्या." जीव वाचवायची पहिली संधी तिथे असते. दुकानदाराने नुसती गोळी दिली तर ती संधी जाते. "उन्हात होता का? पाणी किती प्यालात? लघवी केव्हा झाली?" एवढे विचारले तर माणूस वाचू शकतो.

फार्मासिस्टला विचारणे हा आपला हक्क

औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असला पाहिजे, हे कायद्याने बंधनकारक आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली २०१५ साली जे नियम आले, त्यांत रुग्णाला औषधाची माहिती देणे आणि त्याचे समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून सांगितले आहे. म्हणजे गोळी कशी घ्यायची, कशासोबत घ्यायची नाही, कुठे ठेवायची हे विचारताना संकोच करू नका. आपण उपकार मागत नाही.

उन्हाळ्यात तर हे विचारलेच पाहिजे, कारण काही औषधांमुळे ऊन जास्त बाधते. रक्तदाबासाठी किंवा अंगावरच्या सुजेसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देतात, उदाहरणार्थ फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड. यांनी शरीरातले पाणी आणि क्षार कमी होतात. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्यांनी हृदयाचे ठोके मंद राहतात, त्यामुळे शरीराला उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. मानसिक आजाराची काही औषधे आणि सर्दी-खाजेवरची क्लोरफेनिरामीनसारखी गोळी घाम कमी करते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी झाले तर रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते.

याचा अर्थ गोळ्या बंद करा असा मुळीच नाही. रक्तदाबाची किंवा मानसिक आजाराची गोळी मनाने बंद केली तर उन्हापेक्षा मोठे संकट ओढवते. मार्च महिन्यातच सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा आणि विचारा, "उन्हाळ्यात यात काही बदल करायचा का? पाणी किती प्यायचे?" हृदयाच्या आणि किडनीच्या रुग्णांनी तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

एक सवय मात्र सोडावी लागेल. दिवसभर उन्हात राबून अंग दुखले की डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घ्यायची आपल्याकडे रीत आहे. अंगात पाणी कमी असताना या गोळ्या किडनीवर घाव घालतात. आधी पाणी, मीठ आणि सावली. मग गरज वाटली तर विचारून गोळी.

ओआरएस आणि ओआरएससारखे दिसणारे

ओआरएस म्हणजे जीवनजल. १९७१ साली बांगलादेशच्या लढ्यात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा मिसळलेले पाणी ड्रममध्ये भरून ठेवले आणि ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातून पाजले. तीस टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. न शिकलेल्या आई-बापांच्या, भावंडांच्या हातांनी हे काम झाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहा. पूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धे पाकीट पेल्यात घालू नका. केलेले पाणी २४ तासांत संपवा, उरले तर फेकून द्या.

बाजारात बरीच वर्षे रंगीत डब्यांतली गोड पेये ओआरएसच्या नावाखाली विकली गेली. त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी. जुलाब होणाऱ्या लेकराला असे गोड पेय दिले तर आतड्यात उलट पाणी ओढले जाते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे एकटीने पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही दुकानात मागताना "ओआरएसची पुडी द्या" असे स्पष्ट म्हणा आणि पुडीवरचे वाचून घ्या.

पुडी नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा, छोटा. याशिवाय रोजच्यासाठी मीठ घातलेला मठ्ठा, ज्वारीची आंबील, कैरीचे पन्हे, लिंबूपाणी आहेच. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात ओआरएस मोफत मिळते, तेही मागून घ्या.

सिकलसेलच्या घरांनी विशेष जपावे

विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजांत आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणात आहे. उन्हाळा या रुग्णांसाठी वाईट काळ असतो. अंगातले पाणी कमी झाले की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखणे सुरू होते. एसएस रुग्णाने तहान लागण्याची वाट न बघता थोडे थोडे पाणी पीत राहावे, दुपारच्या उन्हात जाऊ नये आणि तापल्या अंगावर एकदम बर्फाचे पाणीही घेऊ नये, कारण एकदम लागलेल्या गारठ्यानेही दुखणे उसळते. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणून ठेवाव्यात. एएस वाहकाला सहसा काही त्रास नसतो. पण पोलीस भरतीसाठी भर उन्हात धावणाऱ्या वाहक पोरांनी पाणी आणि विश्रांती सोडू नये. अतिश्रम, ऊन आणि कोरडे अंग एकत्र आले तर वाहकालाही धोका होतो. ज्यांची तपासणी झाली नाही त्यांनी ती सरकारी दवाखान्यात करून घ्यावी.

औषधालाही ऊन लागते

बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे छापलेले असते. टिनाच्या घरात मे महिन्यात चाळीस अंश असतात. गोळ्या खिडकीत, चुलीजवळ, गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. दम्याचा पंप उन्हात ठेवला तर फुटू शकतो.

इन्सुलिनची चिंता सर्वांत जास्त. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. फ्रिज नसेल तर कुंभाराकडून दोन मडकी आणा, एक मोठे आणि एक लहान. लहान मडके मोठ्यात ठेवून मधल्या फटीत वाळू भरा. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवा. इन्सुलिन बंद डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा आणि वर ओले फडके टाका. मडके सावलीत, वारा लागेल तिथे हवे. आपल्या माठाचीच ही युक्ती आहे. यात फ्रिजइतके गार होत नाही, म्हणून एका वेळी महिन्याभराचेच इन्सुलिन आणा. दुकानातून नेताना थंड पिशवीत द्या म्हणून सांगा, आणि बर्फ बाटलीला थेट लागू देऊ नका.

स्वस्त औषध आणि लोकांचा हात

महाग म्हणून गोळी अर्धी तोडून खाणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी जनऔषधी केंद्रे आहेत. ही योजना २००८ साली सुरू झाली आणि आज देशात पंधरा हजारांहून जास्त केंद्रे आहेत. तिथली जेनेरिक औषधे ब्रँडच्या औषधांपेक्षा निम्म्याहून कमी दरात मिळतात. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा. आपल्या समाजातल्या डी. फार्म., बी. फार्म. झालेल्या मुलामुलींनीही या योजनेकडे बघावे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना केंद्र उभारण्यासाठी दोन लाख रुपयांपर्यंत विशेष मदतीची तरतूद आहे. चालू अटी मात्र नीट तपासून घ्याव्यात.

लोकांच्या सहभागाची वाट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत अशी आरोग्य विमा योजना चालवली, की शेतकरी पीक हाती आल्यावर ज्वारी देत आणि वर्षभराच्या उपचाराची सोय होई. पैसा नसलेला माणूसही त्यात हक्काने सामील झाला.

त्याच वाटेने प्रत्येक विहाराने या उन्हाळ्यात पाच गोष्टी कराव्यात.

पहिली, विहारात ओआरएसच्या पन्नास पुड्या, एक थर्मामीटर आणि पाण्याचा भरलेला रांजण ठेवावा.

दुसरी, एकटे राहणारे वृद्ध, गरोदर महिला आणि लांबचे आजार असणारे यांची यादी महिला मंडळाने त्यांच्या संमतीने करावी. ती भिंतीवर लावू नये, कुणाचा आजार चव्हाट्यावर येऊ नये. लाटेच्या दिवसांत रोज दुपारी प्रत्येक घरी एक जण डोकावून यावा.

तिसरी, जवळच्या मेडिकलवाल्याला भेटून ओआरएस समोरच्या फळीवर ठेवायला सांगावे. ऊन लागल्याची लक्षणे असणारा कुणी आला तर त्याने विहाराच्या कार्यकर्त्याला फोन करावा, असे ठरवून घ्यावे. फार्मासिस्टला एका रविवारी विहारात बोलवावे आणि सगळ्यांनी आपापल्या गोळ्या घेऊन यावे.

चौथी, १४ एप्रिलची मिरवणूक आणि वैशाखातली बुद्ध पौर्णिमा दोन्ही भर उन्हाळ्यात येतात. मिरवणूक ऊन उतरल्यावर काढावी, वाटेत पाण्याची आणि सावलीची ठिकाणे ठेवावीत आणि लेझीम खेळणाऱ्या पोरांना मधे मधे थांबवावे.

पाचवी, ऊन लागलेल्याला कसे हाताळायचे हे निदान दहा तरुणांना शिकवावे. ते असे. माणूस बरळतो, ओळखत नाही, झटके येतात किंवा अंग भट्टीसारखे तापून बेशुद्ध होतो, तेव्हा तो उष्माघात आहे. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, त्याला कुशीवर वळवा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका. आधी गार करा, मग हलवा. गाडीतही पाणी मारत राहा.

या पाच कामांना मोठा निधी लागत नाही. ओआरएसची पुडी, मडके, रांजण आणि शेजारच्या दारावर दुपारी एक थाप, एवढेच लागते. येत्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढा, कोण काय करणार हे ठरवा आणि त्याच संध्याकाळी मेडिकलवाल्याला भेटून या.