न मागता हातात पडते ते : संगणकाचा 'डेस्कटॉप' कोणी ठरवायचा?

सीमाभागातील माणसाला 'आधी काय येते' याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. अर्ज दोन भाषांत उपलब्ध आहे असे कितीही सांगितले, तरी खिडकीवर न मागता हातात पडतो तो अर्ज कोणत्या भाषेतला, यावरच बहुतेकांचे काम चालते. मागणारे थोडे असतात. रांगेत मागे दहाजण उभे असताना 'दुसरा द्या' म्हणण्याची हिंमत सर्वांना होत नाही. संगणकाच्या जगात या न मागता मिळणाऱ्या गोष्टीला 'डिफॉल्ट' म्हणतात. मुक्त संगणकप्रणाली तयार करणाऱ्या मंडळींमध्ये गेली पंचवीस-तीस वर्षे ज्या गोष्टीवरून सर्वाधिक खडाजंगी झाली, त्यांत हा 'डिफॉल्ट डेस्कटॉप'चा वाद फार वरचा आहे.

हा विषय आजच काढण्याचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला पुरवायची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती थांबवली. नवी विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. तेव्हा गावच्या शाळेतला, वाचनालयातला किंवा पतसंस्थेतला चालू स्थितीतला संगणक भंगारात घालायचा, की त्यावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवायची, हा प्रश्न अनेक ठिकाणी उभा आहे. लिनक्स बसवायचे ठरले की पहिल्याच तासाभरात पडद्यावर विचारणा होते : ग्नोम, एक्सएफसीई, केडीई, सिनॅमन, माते, एलएक्सक्यूटी यांपैकी काय हवे? बसवणारा पोरगा घाईत असतो. तो एन्टर दाबतो आणि यादीतले पहिले बसते.

डेस्कटॉप म्हणजे नेमके काय?

विंडोज वापरणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, कारण तेथे प्रणाली आणि तिचे दिसणे ही एकच वस्तू आहे. युनिक्सच्या घराण्यात तसे नाही. आत यंत्र चालवणारा गाभा वेगळा, आणि पडद्यावर दिसणारी खिडक्यांची, चित्रांची, यादीची मांडणी वेगळी. घराचा पाया एकच, पण वर कौलारू बांधा की स्लॅब टाका. या वरच्या बांधकामालाच डेस्कटॉप म्हणतात. फ्रीबीएसडीसारख्या युनिक्सवंशीय प्रणालीने तर वर्षानुवर्षे मूळ स्थापनेत डेस्कटॉप दिलाच नाही. काळा पडदा, त्यावर अक्षरे; पुढचे ज्याचे त्याने बघावे. जाणत्याला ते चालते. सातवीतल्या मुलाला चालत नाही.

या वादाचा आरंभही १४ ऑक्टोबरचाच. १९९६ साली त्या दिवशी जर्मनीतील मातियास एट्रिख या विद्यार्थ्याने केडीई प्रकल्पाची घोषणा केली. त्याची तक्रार साधी होती. लिनक्सवर प्रत्येक प्रोग्रामचे रूप निराळे, एकात शिकलेले दुसऱ्यात उपयोगी पडत नाही, मग घरच्या माणसाने हे वापरायचे कसे? त्याने काम झपाट्याने उभे केले, पण पाया म्हणून ट्रोलटेक या नॉर्वेतील कंपनीची 'क्यूटी' ही साधनपेटी निवडली. ती फुकट मिळत असली तरी त्या वेळच्या परवान्यानुसार 'मुक्त' नव्हती. फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. शेजाऱ्याने विहिरीचे पाणी फुकट भरू दिले म्हणून विहीर आपली होत नाही. उद्या त्याने कुलूप घातले तर बोलायची सोय नाही.

याच कारणाने ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोघा तरुणांनी ग्नोम हा दुसरा प्रकल्प सुरू केला. ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियन या स्वयंसेवकांच्या संघटनेने परवान्याचा मेळ बसत नाही म्हणून केडीई आपल्या संग्रहातून काढून टाकले. अखेर सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी मुक्त परवान्याखाली आली आणि मूळ भांडण मिटले. पण तोवर दोन घरे झाली होती, दोन्हींत माणसे राहायला आली होती. मूळ कारण संपले तरी वाटणी मोडत नाही, हा अनुभव आपल्याकडच्या भाऊबंदकीतही काही वेगळा नाही.

प्रत्येकाची निवड, प्रत्येकाची रीत

यानंतर ज्या ज्या संस्थेने लिनक्सची तयार प्रत वाटली, तिला डिफॉल्ट ठरवावे लागले. कोणी कसे ठरवले हे पाहण्यासारखे आहे.

रेड हॅट कंपनीने ग्नोमची बाजू घेतली. २००२ च्या आपल्या आवृत्तीत तिने केडीई आणि ग्नोम या दोघांनाही एकसारखाच पोशाख चढवला, म्हणजे वापरणाऱ्याला फरक कळू नये. त्यावर केडीईवाले चिडले. त्यांचे म्हणणे, आमचे रूपच पुसले. जर्मनीतून निघालेल्या ओपनसुसेने काही काळ कोणालाच पहिले स्थान दिले नव्हते, दोन्ही नावे समोर ठेवून निवडायला सांगितले जाई. २००९ मध्ये मात्र वापरणाऱ्यांनी सूचना करून तिला भरभरून मते दिली आणि केडीईवर आधीच खूण केलेली असावी असे ठरले. उबुंटूने २००४ मध्ये ग्नोमने सुरुवात केली, एप्रिल २०११ मध्ये स्वतःचा 'युनिटी' डेस्कटॉप पुढे केला आणि एप्रिल २०१७ मध्ये तो सोडून पुन्हा ग्नोमकडे परतण्याची घोषणा केली. तेथे निर्णय मालकाचा, मार्क शटलवर्थ यांचा. फेडोरामध्ये ग्नोमऐवजी केडीई पुढे करावे असा प्रस्ताव २०२४ मध्ये आला. तो जसाच्या तसा मान्य झाला नाही, पण एप्रिल २०२५ च्या आवृत्तीत केडीईला ग्नोमच्या बरोबरीचा दर्जा मिळाला.

डेबियनमधला पेच

खरी कसोटी लागली डेबियनमध्ये, कारण तेथे मालक नाही आणि गिऱ्हाईकही नाही. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली ही संघटना जगभरच्या स्वयंसेवकांवर चालते. २००७ च्या आवृत्तीत तेथे ग्नोम डिफॉल्ट होते. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी पिढी आली आणि सारे विस्कटले. जुनी ओळखीची मांडणी गेली आणि नवीन मांडणीला चांगले चित्रकार्ड लागू लागले. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त करून काही काळ एक्सएफसीई वापरले. जुन्या ग्नोमवर जीव असलेल्यांनी त्याचीच पुढची शाखा काढली, ती 'माते'.

ऑगस्ट २०१२ मध्ये डेबियनच्या स्थापना-यंत्रणेवर काम करणाऱ्या जोई हेस यांनी डिफॉल्ट बदलून एक्सएफसीई केले. कारण मोठे तात्त्विक नव्हते : ग्नोम पहिल्या एका सीडीत मावेना. सीडीत जागा साधारण सातशे मेगाबाइट. ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट नाही त्याला एकाच तबकडीत पूर्ण प्रणाली मिळावी, हा विचार त्यामागे होता. मे २०१३ मध्ये आवृत्ती प्रत्यक्ष बाहेर पडली तेव्हा मात्र ग्नोम पुन्हा जागेवर आले होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये पुढच्या आवृत्तीसाठी पुन्हा एक्सएफसीई नेमले गेले, पण या वेळी अट घातली : पुढे पुन्हा तपासून बघू. सप्टेंबर २०१४ मध्ये तपासणी झाली आणि निर्णय परत ग्नोमच्या बाजूने गेला. एप्रिल २०१५ ची आवृत्ती ग्नोमसह आली. तेव्हापासून आजतागायत, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपर्यंत, बहुतेक यंत्रांसाठी तेच डिफॉल्ट आहे.

पारडे कशाने झुकले?

अनेकांना वाटेल की लोकप्रियतेने. डेबियनकडे कोणते सॉफ्टवेअर किती यंत्रांवर आहे याची स्वेच्छेने कळवलेली मोजदाद असते. पण ती या कामी फसवी ठरते. जे न मागता बसते त्याचीच संख्या वाढते आणि वाढलेल्या संख्येचा दाखला देऊन तेच पुढे चालू ठेवता येते. वसतिगृहात रोज आमटी-भात वाढायचा आणि मुलांना आमटी-भातच आवडतो असा अहवाल लिहायचा, त्यातला प्रकार.

२०१४ मध्ये दोन गोष्टींना वजन मिळाले. एक, संगणक सुरू होताना सर्व सेवा उठवणारी 'सिस्टमडी' ही यंत्रणा डेबियनने त्याच वर्षी फेब्रुवारीत स्वीकारली होती आणि तिच्याशी ग्नोमचा मेळ चांगला होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : दृष्टिहीन वापरकर्ते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा 'ओर्का' हा प्रोग्राम ग्नोमच्या कुटुंबात वाढला, सन कंपनीतील अभियंत्यांनी तो घडवला आणि २००६ पासून तो ग्नोमचा भाग आहे. एक्सएफसीई या बाबतीत त्या वेळी मागे होते.

यावर कोणी म्हणेल, अंध व्यक्तीने हवे तर ग्नोम निवडावे, बाकीच्यांवर का लादता? इथेच डिफॉल्टचे मर्म आहे. डोळस माणसाला ग्नोम जड वाटले तर तो यादीतून दुसरे निवडू शकतो. यादी त्याला दिसते. ज्याला पडदाच दिसत नाही, त्याच्या पुढे जे आले ते बोलले नाही तर दुसरे निवडायचे कसे? अमुक एक गोष्ट बदलणे सर्वांना शक्य आहे असे म्हणताना, ती बदलण्याची पहिली पायरी कोणाला चढता येत नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे पोकळ नाही. ग्नोमला स्मृती अधिक लागते. जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रावर ते रखडते, आणि रखडणारा संगणक बघून मास्तर म्हणतात, 'लिनक्स काही कामाचे नाही.' गरिबाचे यंत्र जुनेच असते. म्हणजे एका दुर्बळाची सोय करताना दुसऱ्याची गैरसोय होते. या पेचाला सर्वांना मान्य होईल असे उत्तर नाही. जबाबदारीने एक निवडायचे आणि दुसऱ्याला वाट मोकळी ठेवायची, एवढेच हाती राहते.

मराठीचा संबंध

या सगळ्यात आपल्या भाषेचा संबंध कुठे? तो सरळ आहे. डेबियनच्या स्थापनेत भाषांच्या यादीत मराठी आहे, कन्नडही आहे. पण स्थापना दोन प्रकारांनी होते, अक्षरी पडद्यावर आणि चित्रमय पडद्यावर. आपल्या लिप्यांची जोडाक्षरे त्या साध्या अक्षरी पडद्याला मांडता येत नाहीत, म्हणून तेथे यादीत मराठी येतच नाही. ती चित्रमय प्रकारातच मिळते. घाईत अक्षरी प्रकार निवडणाऱ्याला मराठीची सोय आहे हे कळतच नाही.

पुढे डेस्कटॉपचे भाषांतर. ग्नोम आणि केडीई दोन्हींचे मराठीकरण स्वयंसेवकांनी केले, पुण्यातील रेड हॅटच्या भाषा गटाचाही त्यात मोठा वाटा होता. पण काम करणारी मराठी माणसे मूठभर, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत नवी वाक्ये येतात. सहा डेस्कटॉप असतील तर मूठभर माणसे सहा ठिकाणी पुरी पडत नाहीत. साहजिकच जे अधिकांच्या पुढे येणार, तिकडे ती आधी वळतात. तपासणीही तिथेच होते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला 'र' नीट उमटतो का, मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' दिसतो की हिंदी वळणाचा, हे कोणीतरी रोज वापरत असेल तरच ध्यानात येते. जे डिफॉल्ट नाही त्यात अर्धी यादी मराठी आणि अर्धी इंग्रजी अशी खिचडी दिसण्याचा संभव अधिक.

गावात बसवताना

तेव्हा शाळेत किंवा वाचनालयात संगणक बसवणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चित्रमय स्थापना निवडून भाषेच्या यादीत मराठी शोधावी. यंत्रात स्मृती कमी असेल तर डिफॉल्टवर न जाता यादीतून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घ्यावे. अगदी जुने ३२ बिटांचे यंत्र असेल तर डेबियनची तेरावी आवृत्ती त्यावर नव्याने बसवता येत नाही, हे आधी पाहावे. वापरणाऱ्यांत दृष्टिहीन कोणी असेल तर ग्नोम किंवा माते ठेवावे. डेबियनच्या स्थापनेच्या पहिल्याच पडद्यावर 'एस' ही कळ आणि मग एन्टर दाबले की पुढची स्थापना बोलून होते. ग्नोममध्ये विंडोजचे चिन्ह असलेली कळ, आल्ट आणि एस एकत्र दाबले की ओर्का बोलू लागतो. ईस्पीक या आवाजात मराठीही आहे. तो यंत्रासारखा कोरडा वाटतो, पण शब्द कळतात.

सगळ्यात आधी मात्र, त्या संगणकासमोर कोण बसणार आहे हे विचारून घ्यावे. जगभरच्या तज्ज्ञांना जो निर्णय दोन वर्षांत तीनदा फिरवावा लागला, तो आपल्या शाळेत घाईतल्या पोराच्या एका एन्टरवर सोडू नये. मास्तरांनी आणि मुलांनी एक दुपार दोन्ही मांडण्या वापरून पाहाव्यात आणि मग ठरवावे. आणि मराठी यादीत एखादा शब्द चुकलेला दिसला, तर नुसते हसून सोडू नये. हे काम मुक्त आहे. चूक कळवणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला तेथे कोणाच्या शिफारसपत्राची गरज लागत नाही.