यात्रेच्या वाटेवर भेटलेला साप

गेल्या आश्विनात आम्ही सहकुटुंब मांगीतुंगीच्या यात्रेस गेलो होतो. रात्री मुक्कामाच्या खोलीत भिंतीच्या कडेने एक सडपातळ साप सरकताना दिसला. तपकिरी अंगावर फिकट पिवळसर पट्टे होते. “मण्यार आहे, मारा!” असा गलका झाला. एकाने काठीही उचलली. तेव्हा आमच्या काकूंनी सर्वांना बाहेर काढले, दार लावून घेतले आणि जाणत्या सर्पमित्रास बोलावणे पाठविले. त्याने दुरूनच पाहून सांगितले, “हा कवड्या, बिनविषारी आहे. पाली खायला घरात शिरतो.” नावाच्या एका चुकीपायी एका पंचेंद्रिय जीवाची हत्या आमच्या हातून घडली असती.

मण्यार सापाचा रंग चकचकीत निळसर काळा असतो. त्यावरील पांढरे, अरुंद पट्टे बहुधा जोडीजोडीने असून शेपटीकडे ठळक व मानेकडे पुसट होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात; तिचा फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा मोठा असतो. फुरसे आखूड असते, डोक्यावर बाणासारखी खूण असते आणि अंगाचे खवले घासून ते करकर आवाज करते. नाग फण्यावरून ओळखू येतो. पण फणा मिटलेला असताना त्याला धामण समजण्याची चूक होते. म्हणून खात्री नसेल तेथे प्रत्येक साप विषारी मानून दूर राहावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

दुर्दैवाने दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. मण्याराचा दंश पुष्कळदा झोपेत होतो व फारसा दुखतही नाही. म्हणून दुखत नाही या समजुतीवर थांबू नये. आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्याही विषावर चालते. त्यामुळे उपचारासाठी साप पकडून वा मारून नेण्याचे कारणच उरत नाही.

मुनिमहाराज ईर्यासमिती पाळून पुढची भूमी निरखीत पाऊल टाकतात. पहाटेच्या अंधारात डोंगर चढणाऱ्या यात्रेकरूनेही हातात विजेरी घ्यावी, दगडाच्या फटीत हात घालू नये आणि जमिनीवर निजताना मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. यात आपलेही रक्षण आहे आणि त्या जीवाचेही.

भगवान पार्श्वनाथांच्या मस्तकावरील नागफणांपुढे आपण नित्य हात जोडतो. त्या रात्री उचललेली काठी खाली ठेवताना आमच्या घरातील मुलांना त्या वंदनाचा अर्थ प्रथमच उमगला.